विचारावे की विचारू नये? : महासाथ, मन आणि आत्महत्येची जोखीम

करोनाच्या महासाथीने मनावर मागे ठेवलेल्या खुणांविषयी गेल्या अंकात वाचकांची पत्रे मागवली होती. आलेल्या पत्रांत आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख इतक्या वेळा आला, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरले. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. पहिले पत्र छपाईपर्यंत थांबवून ठेवण्यासारखे नव्हते. त्याच्या लेखकाशी फोनवर आधीच बोलणे झाले आहे आणि त्यांच्या संमतीनेच ते येथे दिले आहे.

प्रश्न : साथीच्या दुसऱ्या वर्षी माझा व्यवसाय बंद पडला. बाकी सगळ्यांचे पूर्ववत झाले, माझे झाले नाही. रात्री दोन-तीन तासांपेक्षा अधिक झोप लागत नाही आणि आपण नसलो तर घरच्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरेल, हा विचार रोज येतो. मला मरायचे आहे असे नाही, पण हे असे जगायचेही नाही. हे पत्र तीनदा लिहून फाडले. मी वेडा होत चाललो आहे का?

उत्तर : नाही. तुम्ही लिहिलेले ‘मरायचे आहे असे नाही, पण असे जगायचेही नाही’ हे वाक्य मी तपासणीच्या खोलीत जवळजवळ याच शब्दांत अनेकांकडून ऐकले आहे, आणि आत्महत्येच्या विचारांचे याहून प्रामाणिक वर्णन मला पाठ्यपुस्तकांत सापडलेले नाही. हा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांच्यापैकी बहुतेकांना मरण नको असते. असह्य झालेले दुःख थांबायला हवे असते, आणि थकलेल्या, झोप नसलेल्या मनाला त्या वेळी ते थांबवण्याची दुसरी वाट दिसत नाही. म्हणून वाट नसतेच असे नाही.

तुमच्या पत्रातील ‘ओझे’ या शब्दापाशी थोडे थांबतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांनी २००५ मध्ये असा सिद्धांत मांडला, की ‘आपण कोणाचेच नाही’ आणि ‘आपण इतरांवर भार आहोत’ या दोन भावना एकत्र घर करून बसतात आणि त्या कधी बदलतील अशी आशा उरत नाही, तेव्हा जगणे नकोसे वाटू लागते. महासाथीने या दोन्ही भावनांना खतपाणी घातले : पहिलीला विलगीकरणाने, दुसरीला बुडालेल्या रोजगाराने. पण भार असल्याची भावना म्हणजे भार असल्याचा पुरावा नव्हे. नैराश्य हिशेबाला बसते तेव्हा वहीतील जमेची बाजू कोरीच ठेवते आणि नुसत्या खर्चाच्या बेरजेवरून निकाल देते. घरच्यांना न विचारता त्यांच्या वतीने तुम्ही एक निकाल लावून टाकला आहे आणि फोनवर तुम्हीच म्हणालात, की पत्नीला यातले काहीही ठाऊक नाही. सुरुवात तिथूनच करायची आहे. मोठी प्रस्तावना नको. ‘मला जगणे नकोसे झाल्याचे विचार येतात, मला एकटे सोडू नकोस आणि डॉक्टरांकडे घेऊन चल,’ एवढेच वाक्य पुरेसे आहे.

आपण फोनवर मिळून जो कागद तयार केला, त्याची कल्पना इतर वाचकांनाही द्यावीशी वाटते. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी तज्ज्ञांनी विकसित केलेली ही ‘सुरक्षा योजना’ एका पानात मावते. विचार बळावू लागले की ते सर्वांत आधी कशावरून कळते (तुमच्या बाबतीत पहाटे तीनची जाग), अशा वेळी एकट्याने काय करता येते, कोणाच्या सोबतीत जाऊन बसता येते, मदत हवी आहे असे स्पष्टपणे कोणाला सांगता येते, कोणत्या डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन करायचा आणि घरातील घातक ठरू शकेल अशी वस्तू कोणाच्या ताब्यात द्यायची, हे ज्याचे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते. हे दिसायला फारच साधे वाटते, आणि प्रथम वाचले तेव्हा मलाही तसेच वाटले होते. पण अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आत्महत्येच्या विचारांमुळे तातडीच्या विभागात आलेल्या ज्या रुग्णांसोबत असा कागद तयार करून पुढे दूरध्वनीवरून विचारपूस केली गेली, त्यांच्यात पुढील सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन इतरांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी आढळले. हा कागद डोके ठिकाणावर असताना लिहायचा असतो, कारण तीव्र क्षणी माणसाला नवे काही सुचत नाही. लिहिलेले वाचणे मात्र जमते. ते तीव्र क्षण सहसा काही मिनिटांचे किंवा तासांचे असतात. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहातील सुमारे नऊ जणांचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही, हे दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांचे निष्कर्षही ध्यानात ठेवावे.

अशा अवस्थेत असलेल्या प्रत्येक वाचकाने हे उत्तर येथेच थांबवून आधी कोणाला तरी फोन करावा. भारतात ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क उपलब्ध आहे. धोका समोर उभा असेल तर जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. तेथे जाण्यासाठी शरीराला इजा झालेली असण्याची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : २०२० मध्ये ‘आत्महत्यांची लाट येणार’ असे सर्वत्र वाचत होतो. नंतर ‘तशी लाट आलीच नाही’ असेही वाचले. मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. नेमके काय झाले?

उत्तर : दोन्ही विधाने अर्धी आहेत, आणि ती अर्धी का आहेत यातच या विषयाचे मर्म आहे.

जेन पर्किस आणि सहकाऱ्यांनी २१ देशांतील आकडेवारी एकत्र करून केलेला अभ्यास २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एप्रिल ते जुलै २०२० या काळात आत्महत्या अपेक्षेपेक्षा वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. काही ठिकाणी त्या घटल्या होत्या. अमेरिकेत २०१९ मध्ये ४७,५११ आणि २०२० मध्ये ४५,९७९ आत्महत्या नोंदल्या गेल्या. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युद्धे आणि मोठ्या राजकीय उलथापालथींविषयी जे निरीक्षण नोंदवले होते, त्याच्याशी हे जुळते. संकट सर्वांवर एकाच वेळी कोसळते तेव्हा माणसे एकमेकांना धरून राहतात, आणि ‘माझेच असे का?’ हा मनाला पोखरणारा प्रश्न काही काळ मागे पडतो. घरात चोवीस तास कोणीतरी असणे आणि काही सरकारांनी दिलेले आर्थिक साहाय्य यांचाही हातभार लागला असावा.

पण तो काळ टिकत नाही. जपानमध्ये फेब्रुवारी ते जून २०२० या महिन्यांत आत्महत्यांचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले, आणि जुलै ते ऑक्टोबरमध्ये ते १६ टक्क्यांनी वाढले. ही वाढ सर्वांमध्ये सारखी नव्हती : स्त्रियांमध्ये ती ३७ टक्के होती, तर मुले आणि किशोरवयीनांमध्ये ४९ टक्के. अमेरिकेतील आकडाही २०२१ मध्ये ४८,१८३ वर गेला, म्हणजे साथीपूर्वीच्या वर्षाच्याही पुढे. २००३ मध्ये हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली, तेव्हा ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या आत्महत्या वाढल्या होत्या. आजाराची भीती, एकाकीपणा आणि कुटुंबावर भार होण्याची धास्ती ही त्यामागची कारणे अभ्यासकांना आढळली.

तुम्ही गणिताचे शिक्षक असल्यामुळे आणखी दोन सावधगिरीच्या सूचना केल्याशिवाय राहवत नाही. त्या २१ देशांपैकी १६ उच्च उत्पन्न गटातील आणि पाच उच्च-मध्यम उत्पन्न गटातील होते. गरीब देशांविषयी त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. दुसरे असे, की आत्महत्यांची संख्या हे मानसिक त्रासाचे माप नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले, की महासाथीच्या पहिल्याच वर्षी चिंताविकार आणि नैराश्य यांचे जगभरातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. सरासरी सपाट राहिली म्हणून तिच्या पोटात कोणी बुडाले नाही असे होत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. व्यवहारात मला यातून एकच गोष्ट महत्त्वाची वाटते : जोखीम साथीच्या शिखराबरोबर चालत नाही. ती मागून येते, कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर, शेजाऱ्यांचे सुरळीत झाल्यावर आणि विचारपूस करणारे फोन थांबल्यावर. पहिल्या पत्रातील ‘सगळ्यांचे पूर्ववत झाले, माझे झाले नाही’ हे वाक्य पुन्हा वाचून पाहावे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. टाळेबंदीत त्याची नोकरी गेली, पुढे मिळाली ती निम्म्या पगाराची, आणि त्या काळात काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही. गेले दोन महिने तो कोणाशी फारसे बोलत नव्हता. मागच्या आठवड्यात मात्र एकाएकी शांत, जवळजवळ प्रसन्न झाला. त्याने आपला जिवापाड जपलेला कॅमेरा माझ्या मुलाला देऊन टाकला आणि मला म्हणाला, ‘ताई, तू सगळ्यांना नीट सांभाळशील, मला ठाऊक आहे.’ माझ्या काळजाचा ठोका चुकला. पण त्याला सरळ विचारले आणि डोक्यात नसलेला विचार मीच घातला, तर?

उत्तर : विचारा, आणि आजच विचारा. विचारल्याने विचार डोक्यात जातो, ही समजूत फार जुनी आहे आणि ती चुकीची आहे. किशोरवयीनांवर आणि प्रौढांवर झालेल्या अभ्यासांत आत्महत्येविषयी थेट विचारल्याने असे विचार वाढल्याचे आढळलेले नाही. ज्याच्या मनात तो विचार असतो त्याला, कोणीतरी तो शब्द उच्चारल्यामुळे, बहुधा हायसेच वाटते. तुम्ही वर्णन केलेल्या गोष्टी, म्हणजे प्रिय वस्तू देऊन टाकणे, निरवानिरवीची भाषा आणि दीर्घ उदासीनंतर कारण नसताना आलेली शांतता, या तिन्ही मी गंभीर मानतो. शांतता दर वेळी सुधारणेची खूण नसते; कधीकधी आतला झगडा एका निर्णयापाशी येऊन थांबल्यामुळेही ती येते.

कसे विचारता यावर पुष्कळ अवलंबून असते. आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा ‘तू काही वेडेवाकडे तर करणार नाहीस ना?’ असा विचारला जातो. त्या ‘नाहीस ना’मध्ये उत्तर आधीच घालून ठेवलेले असते. समोरच्याला कळते, की ताईला ‘नाही’ ऐकायचे आहे, आणि तो तुमच्या समाधानासाठी ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी कोणी मध्ये येणार नाही अशा वेळी त्याच्या शेजारी बसा, तुम्हाला दिसलेल्या दोन-तीन गोष्टी आरोप न करता सांगा आणि विचारा : ‘एवढे सगळे सोसताना जीव द्यावा, आत्महत्या करावी, असे तुझ्या मनात येते का?’ शब्द न टाळता विचारा. आवाज कापला किंवा डोळे भरून आले तरी काही बिघडत नाही. त्यानंतर गप्प राहा. ती शांतता भरून काढण्याचा मोह सर्वांनाच होतो, डॉक्टरांनाही.

तो ‘हो’ म्हणाला, तर ‘असे अभद्र बोलू नये’, ‘आईबाबांचे काय होईल?’ किंवा ‘लोकांनी याहून किती सोसले’ ही वाक्ये तोंडाशी येतील, ती गिळा. त्यांच्यामागे प्रेम असते याविषयी मला शंका नाही, पण ऐकणाऱ्याला त्यातून अपराधीपणा तेवढा मिळतो आणि दार बंद होते. ‘बरे झाले मला सांगितलेस, आता यात तू एकटा नाहीस,’ एवढे पुरे. मग पुढचे विचारा : हे विचार किती वेळा येतात, कसे किंवा केव्हा हे ठरवले आहे का, काही तयारी केली आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, हल्ली दारूचे प्रमाण वाढले आहे का. योजना ठरलेली असेल किंवा तयारी झाली असेल, तर त्याला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. ‘कोणालाही सांगणार नाहीस असे वचन दे,’ अशी गळ तो घालील. ते वचन देऊ नका; गरज असेल तेवढ्याच लोकांना आणि तुला सांगूनच सांगेन, असे म्हणा. तो ‘नाही’ म्हणाला आणि तुमचे मन मानत नसेल, तर मनाचे ऐका आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

जिवाला धोका पोहोचवू शकणाऱ्या वस्तू घरातून हलवणे किंवा कुलूपबंद करणे हे काम त्याच दिवशी करायचे आहे. ‘ज्याला करायचे तो कसेही करतोच’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण अनुभव तसा नाही. श्रीलंकेत १९९०च्या दशकापासून अतिविषारी रसायनांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढील दोन दशकांत त्या देशातील एकूण आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. साधन हाताशी नसले, की तो तीव्र क्षण टळतो, आणि टळलेला क्षण अनेकदा कायमचा टळतो.

राहिले कर्ज. औषध आणि समुपदेशन यांनी नैराश्य हटेल. हप्ता हटणार नाही. त्यामुळे तो थोडा सावरला, की त्याच्यासोबत कागद घेऊन बसा, कोणाचे किती देणे आहे हे लिहून काढा आणि कर्ज देणाऱ्यांशी मुदतवाढीविषयी किंवा हप्त्यांच्या फेररचनेविषयी बोलायला तुम्ही स्वतः सोबत जा. अनेक घरांत मी पाहिले आहे, की मनात कितीतरी मोठी झालेली रक्कम कागदावर उतरल्यावर मोठीच राहते, पण तिला शेवट असल्याचे दिसते. त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जपा. ‘आता बरा झाला’ म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि नेमका तोच काळ जोखमीचा असतो.

प्रश्न : करोनामुळे मी १२ दिवस रुग्णालयात होते. घरी आल्यावर अकारण रडू, चिडचिड, निद्रानाश आणि ‘वाचलेच कशाला?’ असे विचार सुरू झाले. मी मनाने कणखर समजली जाणारी स्त्री आहे. हा दुबळेपणा आहे की आजार?

उत्तर : आजार आहे, आणि उपचार होणारा आजार आहे. अमेरिकेतील २,३६,३७९ करोनारुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संसर्गानंतरच्या सहा महिन्यांत सुमारे एकतृतीयांश रुग्णांमध्ये मज्जासंस्थेच्या किंवा मानसिक विकाराचे निदान नोंदले गेले होते. शरीरातील दाह, श्वास कोंडल्याची आठवण, अतिदक्षता विभागातील रात्री आणि नंतर महिनोन् महिने न जाणारा थकवा या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. कणखरपणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्या काळात स्टेरॉइड दिले गेले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण या औषधाने काही जणांमध्ये झोप उडणे, उत्तेजितपणा किंवा उदासी निर्माण होते. अजून चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद मात्र करू नका. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.

झोपेकडे आधी लक्ष द्या. निद्रानाश हा आत्महत्येच्या जोखमीचा स्वतंत्र घटक आहे. मात्र ओळखीच्या कोणाची झोपेची गोळी घेऊन ते करू नका. डॉक्टरांनी नैराश्यविरोधी औषध सुरू केले, तर त्याचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यानंतरही ते कित्येक महिने चालू ठेवावे लागते. (पंचविशीच्या आतील रुग्णांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा आत्मघाताचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे.) ‘वाचलेच कशाला?’ हा विचार मात्र पुढच्या तपासणीपर्यंत राखून ठेवू नका. तो आजच सांगा.

प्रश्न : साथीच्या दुसऱ्या लाटेत वडील गेले. आईला त्यांना अखेरचे पाहताही आले नाही. आजही ती त्यांच्या फोनला चार्जिंग लावते आणि ‘मला त्यांच्याकडे जायचे आहे’ असे म्हणते. नातेवाईक म्हणतात, वय झाले की माणसे असे बोलतातच. आम्ही घाबरावे का?

उत्तर : घाबरू नका, पण नातेवाइकांचे ऐकून सोडूनही देऊ नका. ‘मला त्यांच्याकडे जायचे आहे’ या वाक्याला दोन अर्थ असू शकतात. एक नुसत्या विरहाचा, जो कोणत्याही शोकात असतो; दुसरा खरोखर जीव संपवण्याचा. कोणता, ते तर्काने कळत नाही, आईलाच विचारावे लागते : ‘आई, बाबांची आठवण येऊन तू असे म्हणतेस, की स्वतःला काही करून घ्यावे असेही मनात येते?’ ज्येष्ठ माणसे आपल्या विचारांचा फारसा गाजावाजा करत नाहीत. जेवण कमी करणे, नेहमीची औषधे न घेणे, कागदपत्रे मुलांच्या हवाली करणे यांतून ते विचार दिसतात, आणि तरुणांच्या तुलनेत त्यांचे प्रयत्न अधिक वेळा जीवघेणे ठरतात.

शोक हा रोग नव्हे. पण निरोप न घेता आल्यामुळे साथीतील अनेक मृत्यू मनात अर्धवट राहिले. जागतिक आरोग्य संघटनेचे जे आजारांचे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले, त्यात ‘प्रदीर्घ शोक’ या विकाराचा समावेश आहे : किमान सहा महिन्यांनंतरही ओढ आणि वेदना तितकीच तीव्र असेल, ती त्या समाजात नेहमी दिसणाऱ्या शोकाच्या पुष्कळ पलीकडची असेल आणि रोजचे जगणे त्यामुळे अडत असेल, तर त्यासाठी वेगळी मानसोपचार पद्धती उपलब्ध आहे. फोनचे चार्जिंग बंद करायला लावू नका. त्या फोनवरचे शेवटचे बोलणे कोणते होते, हे तिला एकदा सविस्तर सांगू द्या. मला वाटते, हे तिला आजवर कोणी विचारलेलेच नाही.

प्रश्न : मी नववी-दहावीला शिकवते. शाळा पुन्हा सुरू झाल्यापासून एक हुशार विद्यार्थिनी तुसडी झाली आहे आणि तिच्या मनगटावर मला ओरखडे दिसले. सहकारी म्हणतात, लक्ष वेधून घेण्याचे प्रकार आहेत.

उत्तर : समजा तसे असेल, तरी ज्या मुलीला लक्ष वेधण्यासाठी स्वतःला दुखवावे लागते, तिच्याकडे लक्ष द्यायलाच हवे. प्रत्यक्षात अशी मुले ते लपवतात. तुम्हाला दिसले हा योगायोग आहे. स्वतःला इजा करणे आणि मरण्याची इच्छा असणे या एकच गोष्टी नव्हेत, पण पहिलीमुळे दुसरीची जोखीम वाढते. अमेरिकेत फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये १२ ते १७ वयाच्या मुलींचे आत्महत्येच्या संशयित प्रयत्नांमुळे तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण २०१९ मधील त्याच काळापेक्षा ५०.६ टक्क्यांनी अधिक होते. मुलग्यांमध्ये ही वाढ ३.७ टक्के होती. या वयात नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपाने अधिक दिसते, म्हणून तुसडेपणाला शिस्तीचा प्रश्न समजू नये.

वर्गाबाहेर, एकटीला, मनगटाकडे बोट न दाखवता बोला. पालकांना सांगावे लागेल, पण तिला आधी कल्पना देऊन आणि शक्य तर तिच्या उपस्थितीत सांगा. घरातच तिला त्रास होत असण्याची शक्यताही मनात असू द्या. टाळेबंदीत काही मुले त्रास देणाऱ्याबरोबरच कोंडली गेली होती. तशी शंका आली, तर आधी शाळेच्या समुपदेशकाशी किंवा बालसंरक्षण यंत्रणेशी बोला.

प्रश्न : मी परिचारिका आहे. साथीत प्राणवायूच्या खाटा कमी होत्या आणि कोणाला ‘नाही’ म्हणायचे हे आमच्या वाट्याला आले. आता त्याविषयी कोणी बोलत नाही. मला मात्र ते चेहरे दिसतात. माझ्यासोबत काम करणारी एक मैत्रीण परवा म्हणाली, ‘मला आता काहीच वाटत नाही, जगण्याचेही नाही.’ आम्हीच इतरांना धीर देणाऱ्या. आम्ही सांगायचे कोणाला?

उत्तर : तुम्ही लिहिले आहे त्याला ‘नैतिक जखम’ म्हणतात. व्हिएतनाम युद्धातील सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी ही संकल्पना रूढ केली. स्वतःच्या मूल्यांविरुद्ध वागण्याची वेळ परिस्थितीने किंवा वरिष्ठांनी आणली, की जे अपराधीपण मागे राहते, ते थकव्यापेक्षा वेगळे असते आणि सुटी घेऊन जात नाही. खाटा किती असाव्यात हे तुम्ही ठरवले नव्हते. त्या कमतरतेचा चेहरा होण्याचे काम तेवढे तुमच्याकडे आले. ज्यांनी ते जवळून पाहिले, अशा सहकाऱ्यांबरोबर ठरावीक वेळी बसून त्याविषयी बोलणे उपयोगी पडते. बाहेरचा माणूस पटकन ‘तुमची चूक नव्हती’ म्हणतो, आणि ते खरे असूनही ऐकणाऱ्याला परके वाटते.

सांगायचे कोणाला, याचे उत्तर तुम्ही काम करता त्या रुग्णालयाबाहेरचा तज्ज्ञ, हे आहे. तुमची नोंद सहकाऱ्यांच्या नजरेस पडेल ही भीती वैद्यकीय क्षेत्रातील लोकांना उपचारांपासून दूर ठेवते, आणि ती अगदीच निराधार नसते, म्हणून बाहेर जा. दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरूनही सल्ला घेता येतो.

मैत्रिणीचे वाक्य मात्र वाट पाहणारे नाही. औषधांची माहिती आणि ती सहज हाती येणे या दोन्ही गोष्टी तुमच्या व्यवसायात असल्यामुळे इतरांना मिळतो तेवढा अवधी तिला मिळेलच असे नाही. वरच्या एका पत्रात ताईला सांगितलेला प्रश्न तुम्हाला तिला विचारायचा आहे, त्याच स्पष्ट शब्दांत, आणि तो पुढच्या आठवड्यातील पाळ्या जुळण्याची वाट न पाहता. हे उत्तर तुम्हाला टपालाने आधीच पाठवले आहे. ते मिळताच तिच्या घरी जा, आणि ती ‘हो’ म्हणाली तर परत येताना तिला सोबत घेऊन या.